बेट, बांध आणि काळी माती

इंग्लंडात घर विकायला काढलं की मालकाला एक लांबलचक छापील अर्ज भरून द्यावा लागतो. शेजाऱ्याशी वाद आहे का, छत गळतं का, सामाईक वाट कोणाच्या हद्दीतून जाते, हे प्रश्न आपल्यालाही सुचतील. पण त्यात एक प्रश्न वनस्पतीबद्दल असतो: तुमच्या जागेत 'जपानी नॉटवीड' आहे का? फॉन सीबोल्ट नावाच्या डॉक्टरानं ही वनस्पती एकोणिसाव्या शतकात जपानहून युरोपात आणली. १८५० साली ती लंडनच्या क्यू उद्यानात पोचली आणि शोभेची म्हणून बागाबागांतून लागली. आज ती परसात सापडली तर बँका गृहकर्जाला हात आखडता घेतात. तिच्या जोडीला तिकडच्या खरेदीदारांनी आता आणखी एक नाव बसवलं आहे, ते बांबूचं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यानं तर २०१३ साली कायदाच केला. जमिनीखालून धावत पसरणारा 'पळता' बांबू लावणारा माणूस त्या बांबूनं शेजाऱ्याच्या जागेत केलेल्या नुकसानीला जबाबदार राहील, असं तो कायदा म्हणतो.

ही धास्ती आता फोनवरून खानदेशात येऊन पोचली आहे. इकडची बरीच पोरं न्यू जर्सीत आहेत, लंडनला आहेत. आबा पिंप्राळ्याकडे नाहीतर देवपूरच्या पुढे प्लॉट बघायला जातात, फोटो पाठवतात, आणि रात्री तिकडून फोन येतो, "आबा, त्या कोपऱ्यात बांबू दिसतोय. नका घेऊ. जोतं फोडून घरात येतो तो." सकाळी दलालाला विचारावं तर तो हसतो. "त्यात काय आबा, जेसीबी लावून अर्ध्या तासात साफ करून देतो, वर मुरूम टाकतो. तुम्ही इसाराचं बोला."

दोघंही अर्धं खरं बोलतात. पण मुलाच्या सल्ल्यानं फार तर एक चांगला प्लॉट हातचा जाईल. दलालाचा सल्ला ऐकलात तर घराला तडा जाऊ शकतो. तो कसा, ते समजायला आधी बांबू जमिनीखाली काय करतो ते बघावं लागेल.

पळणारा आणि बसणारा

बांबू हे गवत आहे. उभी काठी दिसते तो त्याचा वरचा पसारा. खरं झाड म्हणजे जमिनीखालचं आडवं खोड, आणि त्याच्या दोन तऱ्हा असतात. एका तऱ्हेत हे खोड अंगठ्याएवढं जाड, लांब पेरांचं असतं आणि मातीत सरळ आडवं धावत सुटतं. वाटेत पेरापेरावर डोळे असतात, त्यातून कोंब वर येतात. चांगली ओल आणि मोकळी माती मिळाली तर एका हंगामात दहा-पंधरा फूट पुढे जाणं त्याला जड नाही. चीन-जपानकडचे, थंडी सोसणारे बांबू बहुतेक या जातीचे. युरोप-अमेरिकेतल्या बागांत तेच लागले, आणि पोरगा फोनवर ज्याची धास्ती घालतो तो बांबू हाच. भारतात असा बांबू पाहायचा तर अरुणाचलात झिरो खोऱ्यात जावं. तिथले आपातानी लोक तो मुद्दाम कुंपण घालून राखतात, घरांसाठी आणि शेताच्या कुंपणासाठी वापरतात.

दुसऱ्या तऱ्हेत खोड आखूड आणि फुगीर असतं. आल्याच्या गड्ड्याला बाजूनं नवं बोट फुटावं तसा जुन्या कंदाच्या कुशीतून नवा कंद फुटतो, वीतभर जातो आणि लगेच वर वळून काठी होतो. म्हणून काठ्या एकमेकींना चिकटून येतात आणि बेट तयार होतं. बेट वाढतं, पण कडेनं, हळूहळू. सातपुड्यात यावल-रावेरपासून शिरपूरच्या वरच्या अंगापर्यंत जो मानवेल आढळतो तो असा. काटेरी कटांग, ज्याला काही ठिकाणी कळक म्हणतात, तोही असाच. बंगल्यांच्या कुंपणाला लावतात तो पिवळ्या काठीवर हिरवे पट्टे असलेला शोभेचा बांबूही बेटच करतो. म्हणजे खानदेशात कोपऱ्यात बांबू दिसला तर तो पळणारा नसण्याचीच शक्यता फार मोठी. ४५ अंशांच्या पुढे जाणारा मे महिना आणि जेमतेम ७०० मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस, धुळ्याकडे त्याहूनही कमी. थंड मुलखातल्या पळत्या बांबूला हे हवामान मानवणारं नाही.

तरी खात्री करून घ्यावी, आणि ती करायला कुदळ पुरते. बेटाच्या कडेपासून हातभर अंतर सोडून, बेटाला वेढा पडेल असा फूट-दीड फूट खोलीचा अर्धगोल चर खणून घ्यायचा. तासाभराचं काम आहे. बेटाचा बांबू असेल तर चरात तंतुमय मुळांची जाळी लागेल. दोरीसारखी बारीक, पिवळट, मातीला घट्ट धरून बसलेली, आणि कुदळीच्या फटक्यानं तुटणारी. त्या मुळांना पेरं नसतात, डोळे नसतात. मूळ तुटलं की तिथे संपलं. पण चरात जर अंगठ्याएवढं गुळगुळीत, दर दोन-तीन बोटांवर पेर असलेलं, पेरावर टोकदार डोळा असलेलं खोड आडवं जाताना दिसलं, तर मात्र पोरगा बरोबर आहे आणि चर आणखी लांबवून ते कुठवर गेलंय ते पाहिल्याशिवाय पुढचं बोलू नये.

खणायला मालकानं हरकत घेतली तर वरूनही ओळखता येतं. पळत्या जातीत, निदान बागांतून विकल्या जाणाऱ्या फायलोस्टॅकिस कुळात, काठीवरून बोट फिरवलं की फांदी फुटते त्या पेराच्या वरच्या अंगाला एक चपटी खाच लागते आणि प्रत्येक पेरावर बहुधा दोनच फांद्या असतात, एक मोठी, एक धाकटी. आपल्या बेटाच्या बांबूची काठी सगळीकडून गोल, आणि पेरावर फांद्यांचा झुपका. मानवेल असेल तर खालची काठी जवळजवळ भरीव निघते. लाठ्या त्याच्याच करतात. कटांग ओळखायला बोट लावायची गरज नाही, तो काट्यांनीच दूर ठेवतो.

नर्सरीतून रोप घेताना एवढी खबरदारी बहुतेक लोक घेत नाहीत. 'गोल्डन बांबू' या एका नावाखाली बेट करणारी जातही मिळते आणि पळणारीही. ऑनलाइन मागवणाऱ्याला कुंडीत काय आलं ते तीन पावसाळ्यांनी कळतं. लॅटिन नाव विचारावं, ते सांगता येत नसेल तर रोप घेऊ नये. टेबलावरच्या पाण्याच्या बरणीतला 'लकी बांबू' या भानगडीत येत नाही. तो बांबूच नाही, ड्रॅसिना आहे.

बांधावर कोणी लावला

जळगाव आणि धुळ्याभोवतीचे नवे ले-आउट म्हणजे कालची शेतं. रावेर-यावलची केळी सगळ्यांना माहीत आहे. केळीला मे-जूनचा वादळी वारा सोसत नाही, एका संध्याकाळी उभा बाग आडवा होतो. म्हणून बागेच्या पश्चिमेला वारा अडवायला शेवरी लावतात, गवत लावतात, कोणी बांबू लावतो. शिवाय घड जड झाला की त्याला टेकू द्यायला बांबू लागतोच. विहिरीजवळ, पाटाच्या कडेला, दोन गटांच्या बांधावर एखादं बेट असणं ही शेतकऱ्याची सोय होती. पुढे शेत बिनशेती झालं, नकाशावर रेघा पडल्या, आणि आजोबांनी बांधावर लावलेलं बेट कुणाच्या तरी प्लॉटच्या कोपऱ्यात आलं, पुष्कळदा अर्धं या प्लॉटात आणि अर्धं पलीकडच्यात.

इथे खरेदीदाराचा पहिला खरा प्रश्न उभा राहतो, आणि तो वनस्पतिशास्त्राचा नाही. बांधाची खूण म्हणून जे दगड पुरलेले असतात, त्यांच्याच शेजारी बेट लावायची पद्धत होती. बेट वर्षागणिक कडेनं वाढतं, दगड पोटात घेतं. मग कंपाउंड घालताना गवंडी बेटाच्या बाहेरून सुतळी धरतो आणि हात-दोन हात जागा कोणाकडे तरी सरकते. त्यामुळे कोपऱ्यात जुनं बेट दिसलं की आधी भूमी अभिलेख खात्याकडून मोजणी मागवावी, मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हातात घ्यावी आणि तिच्यावरून जागेवर खुणा करून घ्याव्यात. सातबारा आणि मिळकत पत्रिका क्षेत्र सांगतात. कोपरा नेमका कुठे आहे ते मोजणीवाला दाखवतो. बेट तोडण्याचं, ठेवण्याचं, छाटण्याचं सगळं बोलणं त्यानंतर. आधी तोडलंत आणि नंतर मोजणीत ते शेजाऱ्याचं निघालं, तर राहायला जायच्या आधीच कोर्टाची पायरी चढाल.

चालते ती माती

आता दलालाकडे वळू. जळगावकडून तापीच्या अंगाला जावं तसतशी माती खोल होत जाते. गाळाची, भारी, काळी. या मातीत स्मेक्टाइट गटातली चिकणखनिजं असतात. ती पाणी पितात आणि फुगतात, पाणी गेलं की आकसतात. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत त्याच भेगा मिटून रान गच्च होतं, हे खानदेशातल्या कोणालाही सांगायला नको. पण हीच उलाढाल घराच्या जोत्याखालीही चालू असते, हे घर बांधताना विसरलं जातं.

बेटाचा बांबू मातीत धावत नाही, पण तो पाणी ओढतो. त्याची मुळं खोल जात नाहीत. बहुतेक जाळी वरच्या दोन-अडीच फुटांतच असते, आणि तिथे मात्र ती दाट असते. उन्हाळ्यात ती भोवतालची माती आणखी कोरडी करते. बेटाजवळची माती जास्त आकसते, लांबची कमी. वॉल कंपाउंडचा पाया नेमका याच दोन-अडीच फुटांत बसवलेला असतो. घराचे कॉलम बरेचदा खोल गेलेले असतात, पण कंपाउंड, पोर्चची फरशी, पायऱ्या, मोरीचा पाइप, सेप्टिक टँकचं झाकण हे सगळं वरच्या थरात. म्हणून बांबूचा उपद्रव आधी तिथे दिसतो. भिंतीत विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी चढत जाणारी, वर रुंद आणि खाली बारीक अशी भेग पडते. फाटक उन्हाळ्यात अडकतं आणि श्रावणात आपोआप नीट लागतं, किंवा याच्या उलट. असं फाटक दिसलं तर ते सुताराला दाखवण्याआधी आजूबाजूला काय उगवलंय ते पाहावं.

हे दुखणं फक्त आपलंच नाही. लंडनच्या खाली चिकणमातीचा जाड थर आहे. १९७६ सालच्या दुष्काळात तिथली माती इतकी आकसली की घरं खचल्याचे विम्याचे दावे एकदम वाढले, आणि झाडं घरापासून किती लांब असावीत हा तिथल्या अभियंत्यांचा नेहमीचा विषय झाला. चिकणमातीच्या मुलखात एक ढोबळ ठोकताळा वापरतात: पूर्ण वाढलेल्या झाडाची उंची जेवढी, तेवढं अंतर घरापासून राखावं. मानवेल आठ ते पंधरा मीटर जातो, कटांग त्याच्या दुप्पट जाऊ शकतो. तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर हा ठोकताळा पाळायचा तर बांबूच काय, आंबाही लावता येणार नाही. म्हणून माझ्या मते इथे अंतरापेक्षा पायाकडे लक्ष द्यावं. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं काळ्या मातीसाठी खाली फुगा असलेला पाइल विकसित केला. अंडर-रीम्ड पाइल म्हणतात त्याला. खोल काळ्या मातीत तो निदान साडेतीन मीटर खाली न्यावा असं भारतीय मानक सांगतं, कारण ऋतूप्रमाणे ओलीची चढउतार साधारण तिथवर होते. फुगा त्या उलाढालीच्या खाली अडकून बसतो आणि वरची माती कितीही हलली तरी घर धरून ठेवतो. पाया असा असेल तर घरापुरती काळजी बरीच हलकी होते, कंपाउंडाची उरतेच.

धुळ्याकडे हे चित्र बदलतं. तिथे बऱ्याच भागात काळ्या मातीचा थर पातळ आहे, खाली मुरूम, त्याखाली काळा खडक, आणि मधूनमधून भिंतीसारखे उभे डाइक. पुरुष-दीड पुरुष खणलं की पहार वाजते. तिथे पाया मुरमावर बसतो आणि बेट जवळ असलं तरी घराचं फार बिघडत नाही. त्यामुळे 'बांबू घरापासून किती लांब हवा' या प्रश्नाला जिल्ह्यागणिक नव्हे, प्लॉटागणिक उत्तर आहे. शेजारी कोणाचं बांधकाम चालू असेल तर त्यांच्या पायाचा खड्डा डोकावून बघावा. जमिनीचा फुकटात मिळणारा याहून चांगला अहवाल नाही.

आणि आता ते अर्ध्या तासाचं जेसीबी. जुनं, मोठं बेट वर्षानुवर्षं एका जागची माती कोरडी ठेवत असतं. ते उपटून काढलं की पाणी ओढणारं कोणी उरत नाही. पुढच्या पावसात ती माती हळूहळू पाणी पिऊ लागते आणि फुगते, आणि ती एका पावसाळ्यात थांबेलच असं नाही. याच जागेवर तुम्ही एप्रिलमध्ये बेट काढून मे महिन्यात जोतं घातलंत, तर घराचा तेवढा कोपरा पुढच्या पावसाळ्यांत वर उचलला जातो. खचण्याची भेग सगळ्यांना माहीत असते. उचलण्याची भेग पडली की मिस्त्रीही गोंधळतो, आणि दोष सिमेंटला मिळतो. दलालानं वर टाकलेला मुरूम तर दुहेरी घात करतो. खड्डा नीट न दाबता भरला असेल तर तो बसतो, आणि बेट कुठे होतं याची खूणही पुसून टाकतो.

काढायचंच असेल तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला काढावं. आधी काठ्या जमिनीलगत तोडाव्यात, मग कंदांचा गड्डा खणून सगळा बाहेर. जेसीबी चालेल, पण शेवटचा हात कुदळीचा हवा. डोळा असलेला तुकडा मातीत राहिला तर तो पावसात कोंब धरतो. कोंब आला की कोवळा असतानाच मोडावा. दोन पावसाळे हे नेमानं केलं की कंदातला साठा संपतो. औषध मारण्याची घाई करू नये. बेट पेटवून तर मुळीच देऊ नये, पेरांतली हवा तापून काठ्या फटाफट फुटतात आणि ठिणग्या लांब जातात. मजूर आत घालण्यापूर्वी खालचा पाचोळा लांब काठीनं ढवळून घ्यावा. बेटाच्या बुडाशी उंदीर असतात, आणि उंदरांमागे घोणस. खड्डा मुरमानं थराथरानं पाणी मारून दाबून भरावा, एक पावसाळा जाऊ द्यावा, आणि घराच्या नकाशावर बेटाची जागा पेन्सिलीनं गोल करून अभियंत्याला दाखवावी.

कायदा काय म्हणतो

जमिनीत रुजलेली गोष्ट जमिनीबरोबर जाते, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं साधं तत्त्व आहे. खरेदीखतात काही वेगळं लिहिलं नसेल तर बेट तुमचं. मात्र मूळ मालकानं बांबूचा सौदा आधीच एखाद्या ठेकेदाराशी काही वर्षांसाठी केला असेल तर गुंता होतो. ओडिशातल्या टिटागढ पेपर मिल्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली ठरवलं की जमिनीवर येऊन वर्षानुवर्षं बांबू तोडून नेण्याचा हक्क म्हणजे स्थावर मालमत्तेतलाच हितसंबंध. ते प्रकरण सरकारी जंगलाचं आणि विक्रीकराचं होतं, तुमच्या कोपऱ्यातल्या वीस काठ्यांचं नव्हे. तरी 'या बेटावर कोणाचा करार आहे का' हे तोंडी का होईना विचारून ठेवावं.

त्याच कायद्याचं कलम ५५ खरेदीदाराच्या कामाचं आहे. मालमत्तेतलं जे मोठं वैगुण्य विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधारण काळजी घेऊन पाहिलं तरी त्याला कळणार नाही, ते सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. उभं बेट या कलमात बसत नाही. ते दिसतं, डोळे उघडे ठेवणं तुमचं काम. पण काल जेसीबीनं काढून वर मुरूम पसरलेलं बेट? ते बघून कळत नाही, विकणाऱ्याला माहीत असतं. असं लपवलेलं बेट या कलमात बसवून वकिलाला भांडता येतं. म्हणूनच साफ, सपाट, ताजा मुरूम पसरलेला प्लॉट मला झाडझाडोऱ्याच्या प्लॉटपेक्षा जास्त संशयास्पद वाटतो.

तोडायला परवानगी लागते का, यावर लोकांत बराच घोळ आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात 'झाड' या व्याख्येत बांबूही होता. २०१७ साली तो तिथून वगळला गेला आणि खासगी जमिनीवर बांबू लावणाऱ्याची मोठी अडचण दूर झाली. शहराच्या हद्दीत मात्र १९७५ चा महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडे जतन कायदा आहे आणि त्यातली झाडाची व्याख्या ऐसपैस आहे. जळगाव आणि धुळे, दोन्ही ठिकाणी २००३ पासून महापालिका आहेत. त्यांच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे साधा अर्ज द्यावा आणि पोच घेऊन ठेवावी. शेजारी नाराज असला की तक्रार तिथेच जाते, आणि त्या वेळी पोचेची एक चिठ्ठी कामाला येते.

शेजाऱ्याच्या बेटाच्या काठ्या तुमच्या गच्चीवर वाकल्या तर हद्दीपुरत्या छाटता येतात. लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं १८९४ साली लेमन विरुद्ध वेब या खटल्यात हे मान्य केलं, आणि आपल्याकडेही विचार साधारण त्याच वाटेनं जातो. छाटलेली काठी मात्र शेजाऱ्याची, ती त्याला परत द्यायची. खरं सांगायचं तर खानदेशात हे कलमानं कमी आणि चहावर जास्त मिटतं. "भाऊ, जरा वाकलाय तुमचा बांबू" एवढं पुरतं, फक्त ते भिंत बांधण्याच्या आधी म्हणावं लागतं.

खरे घुसखोर

बांबूच्या नावानं घाबरलेला माणूस बाकीच्या हिरवळीकडे बघत नाही, आणि खानदेशातल्या प्लॉटवर घुसखोर असतात ते बाकीच्यांतच. काळ्या रानातला कुंदा हा बांबूचाच लांबचा भाऊबंद, तोही गवत. पण तो पळतो. त्याची आडवी खोडं मातीत खोल उतरतात, नांगराच्या तासाखाली बसून राहतात आणि तुकड्यातुकड्यानं पुन्हा येतात. कुंद्यानं धरलेलं रान मोकळं करण्यासाठी माणसं लावून खणती करणं हा दख्खनच्या आणि खानदेशच्या शेतकऱ्याला शाप होता. घराला त्यानं तडा जात नाही, पण बाग करायची हौस असेल तर प्लॉटवर ऑगस्टमध्ये कुंदा आहे का ते जुन्या सालदाराला बरोबर नेऊन बघावं. तो दुरून सांगेल.

वेडी बाभूळ जास्त खोडकर. हिंदुस्थानात ती १८७७ च्या सुमारास लावली गेली, सरपणासाठी आणि उजाड जमिनीसाठी. आता नद्यांच्या काठांवर आणि पडीक प्लॉटांवर तिचं राज्य आहे. कुऱ्हाडीनं तोडली की ती खुंटातून दुप्पट फुटते. मुळाचा माथा जमिनीखाली हातभर खणून काढला तरच सुटका होते. अमेरिकेत ॲरिझोनातल्या एका खाणीत हिच्या जातभाईचं मूळ ५३ मीटर खोल सापडलं होतं, १९६० साली. घराच्या मातीतलं पाणी खोलवरून ओढण्याच्या बाबतीत बांबूनं हिच्यापुढे हात जोडावेत. गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंदलं गेलं आणि आता कोणत्याही रिकाम्या प्लॉटवर असतंच. पायाला त्याचा धोका नाही. धोका आहे तो त्वचेला आणि दम्याला, त्यामुळे उपटताना हातमोजे घालावेत आणि फुलावर येण्याआधी उपटावं. जुनं घर घेत असाल तर गच्चीच्या पन्हाळीजवळ उगवलेला पिंपळ बघा. या सगळ्यांत तो एकटाच खरोखर विटा फोडून आत शिरतो.

बांबूची एक गोष्ट मात्र बाकीच्यांना नाही. तो कित्येक वर्षं नुसता वाढतो, मग एकदाच फुलतो आणि मरतो. मानवेलाला त्यासाठी बहुधा पंचवीस ते पंचेचाळीस वर्षं लागतात, कटांगाला कधीकधी त्याहून जास्त. फुललेल्या बेटाचं बी गव्हासारखं ढीगभर पडतं, उंदरांची चंगळ होते. मिझोरममध्ये तिथला बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदम फुलतो. १९५९ च्या आसपास उंदरांनी धान्य फस्त करून तिथे दुष्काळ पडला होता. तुमच्या कोपऱ्यातल्या बेटानं एवढा अनर्थ होणार नाही. पण काठ्यांच्या टोकांना पानांऐवजी भुरकट तुरे दिसत असतील तर ते बेट पुढच्या एक-दोन वर्षांत वाळणार, आणि वाळलेलं बेट उन्हाळ्यात पेट घेतं. मग ते काढण्याचा खर्च किमतीतून वजा करायला लावा. तोच काय तो बांबूवरून घासाघीस करण्याचा रास्त मुद्दा.

हिरवं, न फुललेलं, घराच्या जागेपासून लांब असलेलं बेट मी तरी ठेवीन. पश्चिमेचं कडक ऊन अडवणारी सावली खानदेशात विकत मिळत नाही. तीन वर्षांपुढच्या काठ्या हिवाळ्यात, पहिल्या पेराच्या वर तोडून काढत गेलं की बेट मोकळं राहतं, कडेनं सुटत नाही, आणि सूप-टोपल्या करणारे बुरूड त्या काठ्या घेऊन जातात. गुढीची काठी घरची होते. बेट कंपाउंडाकडे सरकू नये म्हणून मधे दोन फूट खोल, वीतभर रुंद चर कायम उघडा ठेवायचा आणि दर पावसाळ्याच्या शेवटी त्यात आलेला कंद छाटायचा.

राहता राहिली इसार पावती. तिच्यात चार ओळी वाढवून घ्याव्यात: प्लॉटच्या अमुक कोपऱ्यात बांबूचं बेट आहे, ते मोजणीप्रमाणे कोणाच्या हद्दीत येतं, त्यावर तिसऱ्या कोणाचा सौदा नाही, आणि गेल्या तीन वर्षांत या प्लॉटवरचं कोणतंही मोठं झाड किंवा बेट काढून भर घातलेली नाही, घातली असल्यास जागा नकाशात दाखवली आहे. विकणारा शेवटची ओळ लिहायला कचरला, तर टोकन देण्यापूर्वी कुदळवाला माणूस घेऊन पुन्हा एकदा प्लॉटवर जावं.